सिस्टर, उद्या याल ना?

परिचारिका नोकरी का सोडतात यावर भरपूर लिहून झालं आहे. तुटपुंजा पगार, अपुरी माणसं, एकामागून एक लागणाऱ्या रात्रपाळ्या, डॉक्टरांचा आणि नातेवाइकांचा ओरडा, परदेशातून येणारी बोलावणी. ही कारणं कुठल्याही वॉर्डातली सिस्टर बोटांवर मोजून दाखवेल. तुमच्या हातातल्या पुस्तकानं हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं धरला आहे. लोकांच्या घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांकडे तर सोडून जायला वॉर्डातल्या सिस्टरपेक्षाही जास्त कारणं असतात. तरी त्यांतल्या कित्येकजणी वर्षानुवर्षं हेच काम करत राहतात, त्या कशाच्या बळावर?

असं दुसऱ्या टोकानं विचारण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. १९८०च्या सुमाराला तिथे परिचारिकांची मोठी चणचण होती. तेव्हा अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगनं जिथे परिचारिका आपण होऊन येतात आणि टिकतात अशी रुग्णालयं शोधायला घेतली. १६३ रुग्णालयांची माहिती घेऊन त्यातली ४१ निवडली, तिथल्या परिचारिकांना बोलतं केलं आणि १९८३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. या रुग्णालयांना ‘मॅग्नेट’ हे नाव पडलं. तिथल्या परिचारिका पगाराबरोबरच आपल्या शब्दाला असलेल्या वजनाबद्दल बोलल्या, रुग्णाजवळ थांबायला मिळणाऱ्या वेळेबद्दल बोलल्या, व्यवस्थापनाच्या बैठकीत परिचारिकेलाही खुर्ची असते त्याबद्दल बोलल्या.

पण ती झाली रुग्णालयं. घरात बैठक नाही, खुर्ची नाही, हाक मारली तर धावत येणारी दुसरी सिस्टर नाही. औषधाचं कपाट म्हणजे फ्रिजचा वरचा कप्पा आणि सलाइनचा स्टँड म्हणजे पडद्याच्या दांडीला अडकवलेला हँगर. म्हणून रुग्णालयातलं उत्तर इथे जसंच्या तसं उचलून ठेवता येत नाही. माझी स्वतःची समजूत अशी झाली आहे की, घरात परिचारिकेचं काम पुरतं तिच्या हातात असतं आणि त्याचा परिणाम तिला डोळ्यांनी दिसतो. या दोन गोष्टी एकदा मिळाल्या की त्या सोडवत नाहीत. कामानं दमून सोडणाऱ्या मी कमी पाहिल्या. ते काम नीट करू दिलं जात नाही म्हणून वैतागून सोडणाऱ्या खूप पाहिल्या.

या कामाची आधुनिक सुरुवातच टिकण्या-सोडण्याच्या एका प्रसंगानं झाली आहे. १८५९ सालची गोष्ट. लिव्हरपूलचे एक सधन व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नी आजारपणात गेल्या. त्या आजारपणात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेनं घरी राहून त्यांची शुश्रूषा केली होती. रॅथबोन यांच्या मनात आलं की, आपल्याकडे पैसा होता तरी या बाईंच्या कसबी हातांशिवाय पत्नीचे शेवटचे दिवस फार हालात गेले असते. मग ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचं काय होत असेल? त्यांनी मेरी रॉबिन्सन यांना विचारलं, शहरातल्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन हेच काम कराल का? पगार मी देतो, रुग्णांना लागणारं सामान मी देतो, तीन महिने करून पाहा.

महिनाभरात त्या रडत परत आल्या. ओल, उपासमार, एका अंथरुणावर चार-चार माणसं, आणि त्यातच आजारी पडलेलं कुणीतरी. हे रोज बघणं माझ्याच्यानं होणार नाही, मला मोकळं करा, असं त्यांनी सांगितलं. रॅथबोन यांनी समजूत घातली, ठरलेली मुदत तेवढी पुरी करा म्हणाले. मुदत संपली तेव्हा त्याच मेरी रॉबिन्सन म्हणाल्या की, आता श्रीमंतांकडच्या खासगी नोकरीत मी परत जाणार नाही, मला हेच काम करायचं आहे.

रॅथबोन यांनी हा सगळा प्रसंग पुढे लिहून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. मला त्यात फार मोलाचं वाटतं ते हे की, मधल्या दोन महिन्यांत लिव्हरपूलची गरिबी काही हटली नव्हती. बाईंनी पाहिलं ते एवढंच, की आपण गेल्यानं काही रुग्ण उठून बसले, काही घरांनी खिडकी उघडायला आणि अंथरूण बदलायला शिकून घेतलं, दुसरीकडे हताश झालेली माणसं पुन्हा कामाला लागली. दुःख तेवढंच होतं, पण त्यापुढे आपले हात रिकामे नाहीत हे त्यांना कळलं. पहिला महिना उलटतो आणि परिणाम दिसू लागतो, यांच्या मधली जी खिंड आहे तीत आजही घरी जाणाऱ्या नव्या परिचारिका गळतात. जी ती पार करते ती बहुधा राहते. मेरी रॉबिन्सन यांना ती पार करताना धीर द्यायला एक माणूस होतं, हेही विसरू नये.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला, लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरीत १८६२ मध्ये प्रशिक्षणशाळा निघाली, शहराचे १८ विभाग करून प्रत्येकाला परिचारिका नेमल्या गेल्या. अमेरिकेत लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये मेरी ब्रूस्टर यांच्या साथीनं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, स्थलांतरितांच्या दाट वस्तीत, स्वतः राहायला जाऊन काम सुरू केलं. डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावाचूनही, घरच्यांनी बोलावलं की परिचारिका जाईल, हा त्यांचा आग्रह होता. तिथल्या परिचारिका जिने चढण्या-उतरण्याचा वेळ वाचवायला एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात. कुठल्या घरी आधी जायचं हे ज्याचं त्याला ठरवता येत असेल, तरच अशा वाटा सुचतात.

आता आपल्याकडचं एक घर. पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात, स्तनाचा कर्करोग पुढे गेलेल्या एका बाईंकडे मी सिस्टरबरोबर गेले होते. गाठ फुटून जखम झालेली. अशा जखमेला जो वास येतो तो जिन्यातच कळतो. खोलीच्या दाराला पडदा, उदबत्त्या, नातवंडांना आत मज्जाव. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. वासाची लाज त्यांनाच सगळ्यांत जास्त. सिस्टरनं येण्याआधीच फोन करून अर्धा तास अगोदर मॉर्फिनचा डोस द्यायला सांगितलं होतं. आल्यावर सलाइनची बाटली कोमट पाण्यात ठेवली. जुनं गॉज ओढून काढलं नाही. त्यावर सलाइन थेंबथेंब सोडत राहिली, ते आपोआप सुटेपर्यंत. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये दाबून त्यांची पूड केली आणि ती जखमेवर भुरभुरली. वास करणारे जंतू या औषधानं मरतात. वर पॅराफिनचं गॉज, म्हणजे उद्या चिकटणार नाही. हे सगळं करत असताना ती सुनेला दाखवत होती, कुठे धरायचं, कुठे नाही धरायचं. गोळी महागडी नाही, कृतीत गुंतागुंत नाही. पण घाई केली की त्याच कृतीत रुग्ण किंचाळतो.

काही दिवसांत वास बसला. सून चहाचा कप घेऊन आत सासूबाईंच्या उशाशी बसायला लागली. नातू शाळेतून आला की दप्तर तिथेच टाकायचा. कर्करोग बरा होणार नव्हता आणि तो झालाही नाही. पण त्या खोलीत माणसं परत आली. वॉर्डात हेच ड्रेसिंग करणारी सिस्टर ट्रॉली घेऊन पुढच्या खाटेकडे गेलेली असते. घरच्या सिस्टरला तो चहाचा कप दिसतो. पगाराच्या चिठ्ठीत हे कधी येणार नाही, तरी टिकण्याच्या हिशेबात मी ते सगळ्यांत वर धरते.

रुग्णालयात माणूस खाटेच्या नंबरानं ओळखला जातो. सात नंबरचं सलाइन संपलं, अकरा नंबरला ताप आहे. यात कुणाचा दोष नाही; पाळी बदलते, माणसं बदलतात, नंबर राहतो. घरी आठवड्यानंतर सिस्टरला माहीत होतं की आजोबा संध्याकाळी पाणी पीत नाहीत ते तहान नसते म्हणून नव्हे, तर रात्री लघवीला उठवावं लागेल आणि मुलाची झोपमोड होईल म्हणून. लघवीला जळजळ आणि सारखा ताप येण्याचं मूळ तिथे आहे. हे कुठल्याही चार्टवर नसतं. ती युरिनल उशाशी ठेवते, मुलाशी बोलते, पाणी सुरू होतं, ताप थांबतो. निघताना आजोबा विचारतात, ‘सिस्टर, उद्या याल ना?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. त्याला ‘हो’ म्हणता येणं आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे जाता येणं, यासाठी परिचारिका रुग्णालयातल्या कायमच्या नोकऱ्या सोडून आलेल्या मी पाहिल्या आहेत.

हातात काम असण्याची दुसरी बाजू भीतीची आहे. रात्रीचे अकरा, युरोबॅग दोन तास रिकामी, पोट ताठ, रुग्ण अस्वस्थ. कॅथेटर तुंबला आहे हे ओळखायचं, नळीला कुठे पीळ बसलाय का ते आधी बघायचं, सलाइननं धुऊन पाहायचं की बदलायचाच हे ठरवायचं, डॉक्टरांना फोन लावायचा आणि तो लागेपर्यंत घाबरलेल्या बायकोला धीर द्यायचा. वॉर्डात हा निर्णय चौघांत वाटला जातो, घरी तो एकटीचा. नव्या मुलीला यानं धडकी भरते आणि ते साहजिक आहे. पण एकदा निभावलं की तिच्या बोलण्यातला फरक दुसऱ्या दिवशी ऐकू येतो. अनुभवी परिचारिकेला रुग्णालयात ‘डॉक्टरांना विचारते’ असं म्हणत वीस वर्षं काढावी लागतात. इथे तिला स्वतःची अक्कल वापरायला मिळते. शिकलेल्या विद्येला वाव मिळणं ही काही चैन नव्हे.

हे तत्त्व मानून एक मोठी संस्था उभी राहू शकते हे नेदरलँड्सनं दाखवलं आहे. तिथे १९९०च्या दशकात घरगुती परिचर्येचे तुकडे पाडले गेले. आंघोळ हे एक ‘उत्पादन’, इंजेक्शन हे दुसरं, पट्टी हे तिसरं. प्रत्येकाला ठरलेली मिनिटं आणि प्रत्येकाला वेगळी, शक्यतो स्वस्तातली व्यक्ती. एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात आठवड्याभरात नवनवे चेहरे येऊ लागले आणि परिचारिका घड्याळाकडे बघत काम करू लागल्या. अनुभवी मंडळी वैतागून बाहेर पडली. त्यांतलेच एक योस द ब्लोक. ते स्वतः घरोघरी जाणारे परिचारक होते, पुढे व्यवस्थापनातही गेले होते. त्यांनी २००६-०७ मध्ये चार परिचारिकांच्या एका गटापासून ‘बुर्तझोर्ग’ सुरू केलं. नावाचा अर्थ शेजारपाजारची शुश्रूषा. जास्तीत जास्त बाराजणींचा गट, एक मोहल्ला, आणि वर साहेब कुणी नाही. कुणाला कामावर घ्यायचं, सुट्ट्या कशा लावायच्या, कुठल्या घरी किती वेळ द्यायचा हे गट ठरवतो; अडलं तर सल्ला द्यायला एक मार्गदर्शक असतो, पण हुकूम द्यायचा अधिकार त्याला नाही. पहिल्या भेटीत परिचारिका रुग्णाबरोबर कॉफी पीत बसते. हा शिष्टाचार नव्हे, तपासणीचाच भाग आहे. माणूस कप कसा उचलतो, किती वेळानं दमतो, शेजारी कोण डोकावतं, मुलगी कधी फोन करते हे त्यात कळतं. दहा वर्षांत तिथे सुमारे दहा हजार परिचारिका होत्या आणि देशातली उत्तम नोकरी देणारी संस्था म्हणून तिचा अनेकदा गौरव झाला. विरोधकांना वाटत होतं की सूट दिली की परिचारिका वेळ वाया घालवतील. घडलं उलटंच. रुग्ण लवकर स्वतःच्या पायावर उभे राहू लागले आणि एकूण तास कमी लागले.

अमेरिकेतल्या अनुभवातून याचीच दुसरी बाजू दिसते. तिथे २००० सालापासून घरगुती शुश्रूषेचे पैसे देण्याची पद्धत बदलली आणि प्रत्येक रुग्णामागे लांबलचक मूल्यमापन-पत्रकं भरणं आलं. दिवसभर घरं फिरायची आणि रात्री स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून फॉर्म भरायचे, असं तिथल्या परिचारिकांचं आयुष्य झालं. कॅरोल एलेनबेकर या अभ्यासक बाईंनी २००४ मध्ये, घरी जाणाऱ्या परिचारिका नोकरीत का राहतात याचीच एक मांडणी केली. स्वतः निर्णय घेण्याची मुभा, रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी जुळणारं नातं, कामाचा ताण आणि वेळेवरचा ताबा हे सगळं त्या मांडणीत आहे. आमच्याकडच्या एखाद्या सिस्टरला ती वाचून दाखवली तर ती म्हणेल, यात नवीन काय? म्हणूनच मला ती विश्वासाची वाटते.

आता आपल्या शहरांकडे वळते, आणि इथे माझा सूर थोडा कडक होईल.

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात घरी सिस्टर हवी असली की लोक ब्युरोला फोन करतात. बारा तासांची ड्यूटी किंवा चोवीस तासांची. घरचे लोक ब्युरोला एक रक्कम देतात, ब्युरो आपलं कमिशन कापून उरलेली सिस्टरला देतो. किती कापलं हे घरच्यांना माहीत नसतं आणि पुष्कळदा सिस्टरलाही नसतं. रजा घेतली तर पैसे नाहीत. आजारी पडली तर बदली पाठवायची आणि कधी कधी केसच हातची जायची. दारातून आत जाताना आडनाव विचारलं जातं, त्यामागचा प्रश्न सगळ्यांना कळतो. चहा वेगळ्या कपात येतो. रुग्ण झोपलाय तर जरा भाजी निवडून द्या, असं सहज म्हटलं जातं. चोवीस तासांच्या ड्यूटीवरच्या बाईनं झोपायचं कुठे, कपडे बदलायचे कुठे, याचा विचार न करता घरं सिस्टर बोलावतात. यात जीएनएम किंवा एएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून, परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका आणि चार दिवसांत हाताखाली शिकलेली मुलगी, दोघींना एकच नाव आणि बहुतेकदा एकच दर. त्या मुलीची यात चूक नाही, तिलाही पोट आहे. पण दोन-तीन वर्षं शिकलेल्या बाईला स्वतःच्या शिक्षणाची किंमत शून्य वाटायला लागते ती इथेच.

२०१६च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न हाती घेतला आणि केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस केली: २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, शंभराच्या वर असतील तर त्याहून दहा टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही २० हजारांच्या खाली नाही. केरळनं २०१८ मध्ये, परिचारिकांच्या मोठ्या आंदोलनानंतर, किमान पगार २० हजारांवर नेला. इतरत्र बऱ्याच ठिकाणी शिफारस कागदावर राहिली. पण ती कागदावरची शिफारस वाचतानाही मला एक गोष्ट खटकत आली आहे. सगळा हिशेब खाटांचा आहे. घरातली एक खाट, जिच्यावर अर्धांगवायू झालेला माणूस पडून आहे, ती या हिशेबात कुठेच बसत नाही. त्या खाटेजवळ बारा तास उभी राहणारी परिचारिकाही बसत नाही.

आणि केस संपते तो दिवस. रुग्ण गेला की ब्युरोच्या सिस्टरचं काम त्याच दिवशी थांबतं. सहा महिने जिनं ज्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही, ज्याला भरवलं, तो माणूस पहाटे जातो आणि दुपारी ती आपली पिशवी घेऊन रिक्षात असते. दुःख आणि बेकारी एकाच दिवशी. घरचे लोक त्या गोंधळात असतात, त्यांच्याकडून तिला सावरण्याची अपेक्षा कुणी करू नये. पण ज्या संस्थेनं तिला तिथे पाठवलं तिनं तरी? उपशामक सेवेच्या चांगल्या गटांत, रुग्ण गेल्यावर सगळे एकत्र बसून त्याच्याबद्दल बोलतात. काय जमलं, काय राहिलं, शेवटच्या रात्री कोण होतं. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती अवेदना सदन आणि पुण्यात वारज्याला १९९७ पासून चाललेलं सिप्लाचं केंद्र यांच्यामुळे आपल्याकडे ही शाखा रुजली. जिथे असं बसणं नेमानं होतं तिथल्या परिचारिका मृत्यू रोज पाहूनही टिकतात. जिथे होत नाही तिथे धडधाकट बाई दोन-चार केसेसनंतर म्हणते, आता मला लहान मुलांचं काम द्या.

केरळकडे मी पुन्हा वळते, कारण तिथे परिचारिकेला सावरण्याची गोष्ट एखाद्या संस्थेच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या साथीदारांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. ते हळूहळू दवाखान्याबाहेर पडलं, गावकरी स्वयंसेवक झाले, आणि २००८ मध्ये राज्यानं उपशामक सेवेचं धोरण जाहीर केलं. त्यानंतर पंचायतीच्या पैशांतून परिचारिका नेमल्या गेल्या. अशी परिचारिका गाडीनं निघते, सोबत गावातला स्वयंसेवक असतो. एका घरी तांदूळ संपलेत हे स्वयंसेवकाच्या लक्षात येतं, पाठीवरची जखम सिस्टरच्या. जखमेला लागणाऱ्या प्रथिनांचं बोलणं ज्या घरी तांदूळच नाहीत तिथे करून काय उपयोग, हे तिला ठाऊक असतं आणि तांदळाची सोय करणारं माणूस शेजारी उभं असतं. एकटेपणा असा कमी होतो. परिचारिका टिकवायची तर तिला फक्त स्वातंत्र्य देऊन भागत नाही. पाठीशी माणसंही लागतात. लिव्हरपूलला एक रॅथबोन होते, इथे अख्खी पंचायत आहे.

आपल्या समाजाला परिचारिकेचं कौतुक करायला फार आवडतं. १२ मेला, परिचारिका दिनी, दिवे लागतात, त्यागाची भाषणं होतात. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी, आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत खोटं काही नव्हतं. पण त्यागाचं कौतुक एकदा केलं की पगाराचं बोलायला जीभ अडखळते, ऐकणाऱ्याचीही आणि मागणाऱ्याचीही. या पुस्तकातल्या परिचारिकांना देवता म्हणू नये अशी माझी वाचकांना विनंती आहे. त्यांच्यापैकी अनेकजणी या कामात आल्या ते मुलांच्या शाळेची वेळ सांभाळता येते म्हणून, रात्रपाळी नको म्हणून, नवऱ्याची नोकरी गेली म्हणून. ही कारणं त्यांनी मोकळेपणानं सांगितली आहेत आणि ती मुळीच हलकी नाहीत.

इतिहासही त्यांच्याच बाजूनं आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथल्या विधवांना आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण घ्यायला पाठवण्याचं धाडस त्या मंडळींनी केलं. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्री बाहेर राहायचं, यावरून केवढी टीका झाली असेल याची कल्पना आज करता येणार नाही. त्या बायका त्या टीकेपुढे उभ्या राहिल्या, कारण हातात विद्या आणि महिन्याला स्वतःची कमाई येणार होती. महाराष्ट्रातली परिचर्या बाईला स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी आली. तिच्या अंगावर त्यागाची शाल आपण नंतर पांघरली.

परदेशाचा ओढा आहेच आणि तो वाढणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचर्याही आहे. जाणाऱ्या मुलींना मी कधी अडवणार नाही. फक्त तिथेही त्यांतल्या बऱ्याचजणींना वृद्धांच्या शुश्रूषेचंच काम मिळणार आहे, म्हणजे जे काम इथे पोटाला पुरत नाही म्हणून सोडलं तेच, पण नियुक्तिपत्र, ठरलेले तास आणि पगारी रजेसह. इथल्या वृद्धांच्या मुलांनी, त्यांत परदेशात राहून इथल्या आईवडिलांसाठी सिस्टर शोधणारी असंख्य मराठी मुलं-मुली आली, याचा थोडा विचार करावा. ब्युरोला फोन करताना तुम्ही दर विचारता. सिस्टरच्या हातात किती पडतात, हेही विचारा. तिची नोंदणी पाहा. तिच्या जेवणाची आणि झोपायची जागा ती येण्याआधी ठरवा.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. मनोगतं त्या-त्या परिचारिकेच्या बोलीत ठेवली आहेत. सोलापूरची सिस्टर सोलापूरचं बोलते, सावंतवाडीची तिकडचं. रुग्णांची नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत. पुरुष परिचारकही यात आहेत. जड रुग्णाला उचलायला म्हणून बोलावलं जातं आणि मग लोकांना कळतं की हा माणूस हळुवारही आहे, हा अनुभव त्यांनी छान सांगितला आहे. वाचताना क्रम पाळायची गरज नाही. पण ‘पहिला महिना’ हा विभाग वगळू नका, विशेषतः तुम्ही परिचर्या शिकवत असाल तर. शिकवणाऱ्या आम्हा लोकांनी विद्यार्थिनींना घरात एकटीनं उभं राहायला तयारच केलेलं नसतं, आणि अभ्यासक्रमात घरभेटी असल्या तरी त्या वहीत सही मिळण्यापुरत्या उरतात.

सोडून गेलेल्यांनाही यात बोलू द्यावं असा माझा आग्रह होता आणि संपादकांनी तो मानला. त्यातली एक आता कपड्यांच्या दुकानात आहे, एक शाळेच्या कार्यालयात, एकीनं घरगुती डबे सुरू केले आहेत. रुग्णांची तक्रार त्यांच्या बोलण्यात फारशी येत नाही. येतं ते रात्री नऊनंतर उपनगरात रिक्षा न मिळणं, दोन-दोन महिने अडकलेले पैसे, घरातल्या पुरुषाची नजर आणि त्यावर ब्युरोचं ‘सांभाळून घ्या’. परत यायला काय लागेल असं त्यांना विचारलं आहे. उत्तरं अगदी साधी आहेत. नेमणुकीचं पत्र, त्यावर पगाराचा आकडा. आठवड्याची एक पगारी सुट्टी. रात्री अडचण आली तर उचलला जाईल असा एक फोन, आणि तो उचलणारी व्यक्ती परिचारिकाच असावी. केस संपल्यावर दुसरी मिळेपर्यंत निदान पंधरा दिवसांचा पगार. डब्यांचा धंदा नीट चाललेल्या बाईंनी शेवटी आणखी एक जोडलं आहे: आधी ज्या भागात काम केलं तोच भाग मिळावा, तिथली घरं ओळखीची आहेत.